चार शहरांची दोन झाली

सुट्टीसाठी आमच्या गारखेड्याच्या घरात यादी झाली : हैदराबाद, बीदर, गुलबर्गा, विजापूर. दिवस पाच! अम्मींनी एवढेच विचारले, "यात मी जिने किती चढायचे?" विजापूर तिथेच गळाले, पाठोपाठ गुलबर्गाही.

आता रात्री अजिंठा एक्सप्रेस, सकाळी काचीगुडा. अम्मींना खालचीच बर्थ हवी. आरक्षण 60 दिवस आधी उघडते, त्याच सकाळी बसायचे. हैदराबादेत दोन मुक्काम. शुक्रवारी सालारजंग संग्रहालय बंद असते, म्हणून ते गुरुवारी; जुम्याची नमाज मक्का मशिदीत, चारमिनार शेजारीच. गोवळकोंडा उन्हाआधी. अम्मी खाली सावलीत बसतील.

तिसऱ्या दिवशी मोटारीने बीदर, साधारण 140 किलोमीटर. महमूद गवानच्या 1472 च्या मदरशाला निवांत वेळ द्या. टोल, ड्रायव्हरचे जेवण आणि त्याच्या रिकाम्या परतीचे पैसे निघण्याआधीच ठरवा. भांडणे इथेच होतात. बीदरहून परळी-परभणीमार्गे औरंगाबादला गाड्या आहेत, पण सगळ्याच रोजच्या नाहीत. तेव्हा परतीचा वार आधी पाहा, जाण्याचा नंतर.

मुलगा गोल घुमटासाठी रुसलाय. अम्मींनी मात्र आजपासूनच गुडघ्यांना तेल लावायला घेतले आहे.