जगज्जेत्या गावाचा क्लब

येत्या 11 जून 2026 ला फुटबॉलचा विश्वचषक सुरू होत आहे. 48 संघ, तीन यजमान देश. या निमित्ताने आठवण करायची ती रेंटनची, कारण जगज्जेतेपदाचा दावा पूर्वी एका खेड्याने केला होता.

स्कॉटलंडमधले रेंटन हे कापड रंगवणाऱ्या कामगारांचे गाव. त्या परिसरातले लालभडक कापड मुंबईच्या बाजारात येई, गठ्ठ्यांवर आपल्या देवादिकांची रंगीत चित्रे चिकटवून. 1872 मध्ये तिथे क्लब निघाला. 1885 आणि 1888 मध्ये त्याने स्कॉटिश चषक जिंकला. मग 19 मे 1888 ला इंग्लंडचा चषकविजेता वेस्ट ब्रॉमविच अल्बियन 4-1 असा हरला आणि रेंटनच्या मैदानावर ‘जगज्जेते’ अशी पाटी लागली!

उतरण त्याच महिन्यात सुरू झाली. ग्लासगोच्या नव्या सेल्टिक क्लबने रेंटनचा जेम्स केली नेला. इंग्लंडमध्ये 1885 पासून खेळाडूंना उघड पैसे देता येत, स्कॉटलंडमध्ये 1893 पर्यंत नाही. चांगला खेळणारा बाहेर जाणारच. त्याला दोष कसा द्यावा? 1922 मध्ये क्लब बंद पडला.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत फुटबॉलपेक्षा कबड्डी, व्हॉलीबॉल जास्त. पण दुखणे तेच. धान निघाले की बांध्या मोकळ्या होतात, वर्गणी जमते, रात्री उशिरापर्यंत सामने रंगतात. पुढे कुणी मिरची तोडायला तेलंगणात जातो, कुणी पुण्याच्या कंपनीत. चार चांगली पोरे गेली की गावचे क्रीडा मंडळ मोडते. जगज्जेतेपदाच्या त्या सामन्यात रेंटनने जिंकलेला साधा चषक निदान आज ग्लासगोच्या फुटबॉल संग्रहालयात आहे. आपल्या मोडलेल्या मंडळांची नावेही कुठे लिहिलेली नसतात, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते.

लिहून ठेवण्याचे मोल या मुलखाला शिकवायला नको. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला, तो कागद आणि ग्रामसभा या दोन्हींच्या बळावर. मग खेळाचे पटांगण तरी ग्रामसभेच्या दप्तरी का नसावे? 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा: पटांगणाची हद्द, मंडळ निघाल्याचे साल, जुन्या खेळाडूंची नावे. ज्यांना ते सामने आठवतात, त्यांना त्या दिवशी मुद्दाम बोलवावे.