सुटीतील वाचन : आधी कोणी वाचावे?

वार्षिक परीक्षा आटोपली, की पालकांकडून आम्हांस एक प्रश्न दरवर्षी हटकून येतो : ‘सुटीत मुलांनी काय वाचावे, याची यादी द्याल काय?’ प्रश्न उत्तम आहे. परंतु त्याच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो आम्हां वडील मंडळींच्या सोयीचा नसल्यामुळे सहसा कोणी विचारीत नाही. मुलांनी वाचावे असे ज्यांस वाटते, ते स्वतः सुटीत काय वाचतात? आमचे स्पष्ट मत असे आहे की, यादीतील जी पुस्तके आपण वाचली नाहीत, ती मुलांस वाचावयास सांगण्याचा अधिकार आपणांस नाही.

हे मत आम्हांस एका फजितीने शिकविले. काही वर्षांपूर्वी आम्ही एका वर्गास वीस पुस्तकांची यादी दिली, आणि प्रत्येक पुस्तकाचा सारांश लिहून आणावा अशी आज्ञा केली. जून महिन्यात वह्यांचा ढीग आला. निम्म्या वह्यांतील सारांश शब्दशः एकच होता. एकाने केलेली चूक दहाजणांनी इमानाने उतरली होती. एका मुलीने मात्र सारांश मुळीच लिहिला नव्हता. तिने यादीतील एकच पुस्तक वाचले होते, ते ‘पाडस’. मार्जोरी किनन रॉलिंग्ज या अमेरिकन लेखिकेची १९३८ सालची ही कादंबरी राम पटवर्धन यांनी मराठीत आणली. फ्लॉरिडाच्या रानात राहणाऱ्या गरीब शेतकऱ्याचा मुलगा ज्योडी हा हरणाचे एक पाडस जीव लावून वाढवितो. पाडस मोठे होते आणि ज्या पिकावर घराचे पोट चालावयाचे, तेच खाऊ लागते. मधल्या सुटीत ती मुलगी आमच्याकडे आली व म्हणाली, “सर, ज्योडीच्या वडिलांनी शेवटी केले ते बरोबर होते का? तुम्हांला काय वाटते?”

आम्हांस काहीच वाटत नव्हते. कारण आम्ही ते पुस्तक वाचलेच नव्हते. नाव एका सूचीतून उतरून घेतले होते. आम्ही काहीतरी गुळमुळीत उत्तर देऊन वेळ मारून नेली, आणि ती वेळ मारून नेलेली आहे हे तिने ओळखले. पुढे कित्येक महिने तिने आम्हांस कोणत्याही पुस्तकाविषयी काही विचारले नाही. दिवाळीच्या सुटीत आम्ही ‘पाडस’ वाचून काढले, शाळा उघडल्यावर तिला बोलाविले आणि खरे काय ते सांगून टाकले. मग आम्ही तासभर बोललो. बापाचा नाइलाज होता असे आम्ही म्हणालो; ‘नाइलाज म्हणजे बरोबर नव्हे’ असे ती म्हणाली. आमचे एकमत झाले नाही. परंतु वाचनाचा तास कसा असावा, हे आम्हांस त्या दिवशी कळले.

तेव्हापासून आमची यादी आखूड झाली आहे. विद्यार्थिमित्रहो, यंदा तुम्हांस ‘पाडस’खेरीज चारच पुस्तके सुचवितो. लहान वर्गांतील मुलांनी भा. रा. भागवत यांचा फास्टर फेणे खुशाल वाचावा. ‘यात बोध काय?’ असे पालक विचारतील, तर आमचे उत्तर असे की, ज्यास आधी गोडी लागली, त्यास बोध पुढे आपोआप सापडतो. दुसरे पुस्तक वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ (१९८१). गुलाम आईच्या पोटी जन्मलेला एक मुलगा शाळेसाठी घर सोडतो, लोकांकडे कामे करून शिकतो आणि १८९६ साली टस्कीगीच्या संस्थेत शेतकीचा अध्यापक होतो. ही हकीकत ‘आमच्याकडे साधने नाहीत’ असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने वाचावी. तिसरे ‘श्यामची आई’. अमळनेरच्या शाळेत शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. नीतिपाठाचा काढा म्हणून ते मुलांच्या घशात ओतू नये. त्याची प्रकरणे म्हणजे एकेक ‘रात्र’ आहे. म्हणून ते रात्रीच, अंगणात वा गच्चीवर, रोज एक याप्रमाणे घरात मोठ्याने वाचावे. चौथे लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’, ज्याचा पहिला भाग १९३४ साली निघाला. शाळेची पायरी न चढलेल्या एका बाईने स्वतःच्या फजितीवर हसत हसत केवढे मोठे पुस्तक लिहिले, हे वरच्या वर्गांनी अवश्य पाहावे.

आता आमच्या व्यवसायबंधुभगिनींसाठी. गिजुभाई बधेका यांचे मूळ गुजराती ‘दिवास्वप्न’ मराठीत मिळते. त्यातील शिक्षक काल्पनिक आहे, पण त्याचा पहिला दिवस आपणां सर्वांच्या ओळखीचा आहे : तो शांततेचा खेळ घेऊ जातो आणि वर्ग गोंगाट करून त्यास हरवितो. पुढे गोष्टींनी तो वर्ग जिंकतो व पाठ्यपुस्तकांच्या पैशांतून वर्गाचे वाचनालय उभे करतो. गिजुभाईंबरोबर भावनगर येथे काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी पुढे १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी जे कार्य मांडले, ते त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांच्या ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या आत्मकथनात वाचावे. स्वप्न जागेपणी किती कष्टाचे असते, ते तेथे दिसते. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) माणदेशातील धनगरांच्या वाडीवर एक कोवळा मास्तर जातो, आणि शाळा चालविण्यापूर्वी त्यास गाव समजून घ्यावे लागते. शेवटी तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’ (१९८१). आगगाडीच्या डब्यांत भरणाऱ्या टोकियोतील या शाळेचे मुख्याध्यापक कोबायाशी, पहिल्या शाळेने काढून टाकलेल्या एका मुलीचे बोलणे पहिल्याच दिवशी चार तास ऐकत बसतात. ती शाळा १९४५ च्या बाँबवर्षावात जळाली. ते चार तास मात्र त्या मुलीने जन्मभर जपले.

कोणी म्हणेल, शिक्षकाची सुटी आता राहिली कोठे? उत्तरपत्रिका, प्रशिक्षणे, निवडणुकीची व शिरगणतीची कामे यांत ती विरून जाते. हे गाऱ्हाणे खोटे नाही. आमचेही तेच आहे. म्हणूनच आम्ही वीस पुस्तके सांगत नाही. एक वाचावे, पण खरोखर वाचावे.

पालकांस आमची विनंती एवढीच. सारांश लिहून घेऊ नये. जेवताना एखादा प्रश्न विचारावा, आणि आपले मतही सांगावे. मुलाच्या हातातील मोबाईल काढून घेण्यापूर्वी अर्धा तास आपल्या हातातील खाली ठेवावा. पुस्तके विकत घेणे सर्वांस परवडत नाही. त्यासाठी गावोगावची सार्वजनिक वाचनालये आहेत, आणि बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक संगणकावर विनामूल्य वाचता येतात. महाबळेश्वर-पाचगणीकडे जाणे झाल्यास वाटेत भिलार येथे थांबावे. २०१७ साली ‘पुस्तकांचे गाव’ झालेल्या त्या खेड्यात घराघरांतून पुस्तके मांडलेली आहेत, आणि कोणीही बसून वाचावे.

असो. शाळा उघडल्यावर पहिल्या तासास आम्ही वह्या मागणार नाही. आम्ही काय वाचले, कोणते पुस्तक अर्ध्यावर टाकले आणि का, हे आधी आम्ही सांगू. मग तुमची पाळी. ज्याचे आमच्याशी एकमत होणार नाही, त्याच्यासाठी पुढच्या बाकावर जागा राखून ठेवली आहे.