तारीख चुकते, म्हणून माणूस बेफिकीर नसतो



हॉस्पिटलातून परत आलेली आपली माणसं एक गोष्ट हमखास सांगतात: "गेल्या तारखेला का आला नाहीत, म्हणून डॉक्टर ओरडले." ओरडण्यात काळजी असते, हे मान्य. पण त्यामागे एक समज असतो, की मच्छीमाराला तब्येतीची पर्वा नाही. हा समज चुकीचा आहे. तारीख चुकण्याची कारणं आपल्या धंद्याच्या वेळेत आहेत. ती दूर केली नाहीत, तर कितीही ओरडून उपयोग नाही.

हॉस्पिटलची तारीख कॅलेंडर बघून पडते. आपलं काम चालतं तिथी, भरती-ओहोटी आणि वाऱ्यावर. तीन महिन्यांनंतरच्या मंगळवारी बोट जेटीला असेल की समुद्रात, हे तांडेलही आज सांगू शकत नाही. उलट वादळाचा इशारा आला की सगळ्या बोटी किनाऱ्याला लागतात, माणसं दोन-दोन दिवस रिकामी बसतात. पण त्या दिवसाची तारीख कुणालाच दिलेली नसते.

बायकांची अडचण वेगळी. मासळी पहाटे उतरते आणि सकाळी बाजारात विकावी लागते. केसपेपर काढायची वेळही सकाळचीच. पाटी रिकामी करून हॉस्पिटल गाठेपर्यंत खिडकी बंद झालेली असते. मासळी उद्यावर ठेवली, तर बर्फाचा खर्च वाढतो आणि भाव पडतो. मग गुडघा, साखर, डोळे हे सगळं "पुढच्या आठवड्यात बघू" यात जातं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची खास मोफत तपासणी असते. योजना चांगली आहे. पण घरचा माणूस समुद्रात आणि लहान मूल कडेवर, अशा वेळी सोबत कोण जाणार?

अंतराचंही बघा. केरी-हरमलहून बांबोळीला गोमेकॉत जायचं, तर म्हापसा आणि पणजीला बस बदलावी लागते. काणकोणहून निघालं, तरी सगळा दिवस जातो. डॉक्टर तपासतात पाच मिनिटं. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड ॲडमिट झाल्यावरचा खर्च उचलतं, ही मोठी सोय आहे. पण बुडालेल्या दिवसाचा वाटा आणि बसभाडं त्यातून मिळत नाही.

आता, तारीख चुकली तर बिघडतं काय? प्रेशरची गोळी बंद केली, तरी काही दिवस काहीच जाणवत नाही, आणि फसगत तिथेच होते. पुढे झटका आला आणि बोट किनाऱ्यापासून कित्येक तास दूर असली, तर तिथे कोण काय करणार? टीबीचं साधारण औषध ६ महिन्यांचं असतं आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. ते मध्येच सोडलं, तर नेहमीची औषधं लागू न पडण्याचा धोका वाढतो. शिवाय एकाच केबिनमध्ये झोपणाऱ्या सगळ्या खलाशांना तो आजार होऊ शकतो. २०२४ मध्ये कुटबण जेटीवर कॉलरा पसरला, तेव्हा एकाचं आजारपण सगळ्यांचं कसं होतं ते आपण पाहिलंच आहे. परराज्यातून आलेल्या खलाशांना तर दवाखाना कुठे आणि बोलायचं कुठल्या भाषेत, इथूनच सुरुवात असते.

आमच्या मते तिघांनी हलायला हवं.

१) सरकार: मोठ्या जेटींवर आठवड्यातून एक-दोन दिवस दुपारनंतर तपासणी ठेवावी. प्रेशर आणि साखरेच्या जुन्या रुग्णांना, डॉक्टरांना योग्य वाटेल तिथे, दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्याव्यात. फोनवरून तारीख बदलून मिळावी.

२) बोटमालक: औषध चालू असलेल्या खलाशाची तारीख तांडेलाला माहीत असू द्या. त्या दिवशी बदली माणूस घ्या, पण तपासणीला गेला म्हणून त्याचा वाटा कापू नका. हा खर्च दयेचा नाही. तांडेल किंवा खलाशी भर हंगामात आजारी पडला, तर बोटच जेटीला राहते.

३) आपण घरचे: १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, म्हणजे ६१ दिवस. मोतीबिंदू, हर्निया, दात अशी थांबू शकणारी कामं या दिवसांत बसवा. त्यासाठी एप्रिलमध्येच नंबर लावा, कारण जूनमध्ये गेलात तर तारीख ऑगस्टची मिळेल आणि ती पुन्हा चुकेल. डॉक्टरांना आपलं काम स्पष्ट सांगा: "मी बोटीवर असतो, अमुक दिवस जमत नाही." लाजू नका. गोळ्या संपायच्या आत जवळच्या आरोग्य केंद्रात जा. ते जमलं नाही, तर ई-संजीवनीवरून घरी बसून सरकारी डॉक्टरांशी मोफत बोलता येतं. आणि तारीख चुकलीच, तर ओरडा बसेल म्हणून पुढच्या तारखेला घरी राहू नका.

छातीत दुखणं, अंगाची एक बाजू लुळी पडणं, धाप लागणं यांना मात्र ना तिथी ना हंगाम. लगेच १०८ ला फोन करा.

डिझेलच्या सबसिडीसाठी आपण एकत्र जातो, तसं जेटीवरच्या दवाखान्यासाठीही जायला हवं. तुमच्या जेटीवर कुठला वार आणि कुठली वेळ सोयीची पडेल, ते खाली लिहा. मागणी करायची तर ती वेळेसकट करूया.