बेदाण्याच्या शेडवर पाहुणे

बाहेरगावचा पाहुणा आला की आमच्या कवठे महांकाळच्या माणसाला एका प्रश्नाची धास्ती वाटते. "तुमच्याकडे बघण्यासारखे काय आहे?" असे कोणी विचारले की तो महांकालीचे देऊळ सांगतो, आरेवाडीचे बिरोबाचे बन सांगतो, दंडोबाचा डोंगर सांगतो आणि मग जरा ओशाळून म्हणतो, "तसं विशेष काही नाही बघा." गेल्या फेब्रुवारीत ही वेळ माझ्यावर आली. पुण्याचा एक मित्र सहकुटुंब पंढरपूरला निघाला होता, वाटेत जेवायला थांबला. जेवणे झाल्यावर मीही तेच वाक्य म्हणून त्यांना वाटेला लावणार होतो. तेवढ्यात त्याच्या दहा वर्षांच्या मुलीने रस्त्याकडेच्या हिरव्या जाळीच्या लांबलचक मांडवाकडे बोट दाखवले. "काका, ते काय आहे?" बेदाण्याची शेड, मी म्हटले. मंडळी पंढरपूरला पोचली ती दिवेलागणीनंतर.

त्या शेडमध्ये मुलीने जे पाहिले ते मी लहानपणापासून पाहत आलो आहे, म्हणूनच ते मला कधी दिसले नव्हते. बागेतून क्रेट भरून आलेली द्राक्षे आधी धुतली जातात. मग पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात काही मिनिटे बुडवून काढतात. त्यामुळे द्राक्षावरचा मेणचट थर सुटतो आणि आतले पाणी बाहेर पडायला वाट मिळते. नंतर एकावर एक ताणलेल्या जाळ्यांवर घड पसरायचे. पुढचे काम वाऱ्याचे. बारा-पंधरा दिवसांत मणी सुकतो, मग जाळ्या झाडायच्या, देठ काढायचे, प्रतवारी करायची, खोकी भरायची. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. हे ऐकून ती मुलगी बराच वेळ हातातल्या चार बेदाण्यांकडे पाहत राहिली. "मग बाकीचे तीन किलो कुठे गेले?" तिने विचारले. शेडवरच्या एका बाईने वर आभाळाकडे हात केला.

हा धंदा या पट्ट्यात रुजला यामागे आमच्या दुष्काळाचाही हात आहे. ज्या कोरड्या हवेपायी पिढ्यान् पिढ्या टँकरची वाट पाहण्यात गेल्या, तीच हवा बेदाण्याला मानवते. पुढे म्हैसाळ योजनेचे कृष्णेचे पाणी वर चढून आले, बागा वाढल्या, पण हवा कोरडीच राहिली. जुनोनी, नागजपासून कवठ्यापर्यंत रस्त्याने जाताना शेडच शेड दिसतात. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. रत्नागिरी-नागपूर महामार्ग रुंद झाल्यापासून त्याच रस्त्याने रोज हजारो माणसे पंढरपूर-सोलापूरकडे जातात आणि या शेडकडे बघत बघत ऐंशीच्या वेगाने निघून जातात. थांबलीच तर चहाला.

पर्यटन वाढवायचे म्हटले की आपल्याकडे आधी कंत्राट निघते. एक बाग, एक कारंजे, एक पुतळा आणि अलीकडे 'आय लव्ह' अशी लाल अक्षरे व पुढे गावाचे नाव. या अक्षरांपुढे उभे राहून फोटो काढतात ते बहुधा त्याच गावचे लोक. दुसऱ्या गावचा माणूस त्यासाठी गाडीचे तेल कशाला जाळील? त्याला त्याच्या गावात नसलेले काहीतरी हवे असते, आणि ते शक्यतो करून पाहायला, चाखायला, विचारायला मिळाले तर हवेच असते.

याचा धडा आपल्याच राज्यात द्राक्षांनीच दिलेला आहे. नाशिकला लोक गोदावरीसाठी, त्र्यंबकेश्वरासाठी, कुंभासाठी पूर्वीपासून जात होते. २००५ साली सुला वाइनरीने गंगापूर धरणाच्या बाजूला आपल्या कारखान्यात चव घेण्याची खोली उघडली आणि नाशिकला जाण्याचे एक नवेच कारण निर्माण झाले. देवाला न जाणारी माणसेही शनिवारी-रविवारी नाशिकचा रस्ता धरू लागली. त्यांना राहायला जागा लागली, जेवण लागले, गाड्या लागल्या. वाइन चांगली की वाईट हा वाद ज्याचा त्याने घालावा. मला महत्त्वाचे वाटते ते हे की, कारखान्याचे दार बाहेरच्या माणसासाठी उघडले गेले. २००१च्या राज्य धोरणानंतर नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि आमच्या सांगली जिल्ह्यात पलूसला असे दोन वाइन पार्क आखले गेले होते. पलूसला विंचूरसारखे दिवस आले नाहीत. शासनाने दोन्हीकडे भूखंड पाडले. पाहुण्याचे स्वागत करणारा माणूस मात्र भूखंडाबरोबर मिळत नाही.

शेजारच्या सातारा जिल्ह्यात भिलारचे उदाहरण अधिक घरगुती आहे. ४ मे २०१७ रोजी हे स्ट्रॉबेरीचे गाव 'पुस्तकांचे गाव' झाले. पंचवीस ठिकाणी, त्यांत बहुतेक लोकांच्या राहत्या घरांत, सुमारे पंधरा हजार पुस्तके ठेवली गेली. कल्पना वेल्समधल्या हे-ऑन-वाय गावावरून सुचलेली. पण तिथे जुन्या पुस्तकांची दुकाने आहेत, लोक पुस्तके विकत घेतात आणि गाव त्यावर चालते. भिलारमध्ये पुस्तक फुकट वाचायचे असते. गावाचे चार पैसे होतात ते राहण्याजेवणाचे आणि स्ट्रॉबेरीचे. मी तिथे गेलो तेव्हा ओसरीवर कथासंग्रह उघडून बसलो होतो आणि घरच्या आजी न मागता पाणी ठेवून गेल्या. मला त्या कथासंग्रहाचे नाव आता आठवत नाही. आजी आठवतात.

भिलारचे एक मात्र विसरू नये. ते पाचगणी-महाबळेश्वरच्या वाटेवर आहे, माणसे तिथे आधीपासून येतच होती. नुसती पुस्तके कुठल्याही माळावर ठेवली तर गर्दी लोटेल असे नाही. आता आमच्या जिल्ह्यातील अंकलखोपचे नावही पुस्तकांच्या गावांच्या यादीत आले आहे. शेजारीच औदुंबर, म्हणजे दत्ताच्या दर्शनाला येणारी माणसे आहेत. ती दर्शन झाल्यावर पुस्तकांकडे वळतात का, हे पाहण्यासारखे ठरेल.

कोल्हापूरजवळ कणेरी मठाच्या सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालयात शाळांच्या सहली रांगेने येतात. कुंभार, लोहार, सुतार, चांभार, सारे बलुतेदार सिमेंटच्या पुतळ्यांत हुबेहूब उभे केले आहेत. मुलांना ते फार आवडते, मलाही आवडले. पण तिथून परत येताना मनात आले की कणेरीत कामाचे पुतळे आहेत, आणि आमच्याकडे ते काम अजून जिवंत आहे. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत आजही भीमाकाठच्या भोपळ्यांवर तंबोरे घडतात. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्यालाही मानांकन मिळाले. हे भोपळे पंढरपूरकडून आमच्याच बाजूने मिरजेला येतात. सकाळी मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढताना ऐकावे, दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या समाधीपाशी दोन क्षण थांबावे, दुपारी कवठ्यात बेदाण्याची जाळी झाडताना पाहावी आणि संध्याकाळी पंढरपूर गाठावे, असा एक दिवस कोणी का आखू नये? यासाठी नवे काहीच बांधावे लागणार नाही.

हे सगळे मी मोठ्या उत्साहाने त्या शेडच्या मालकांना, अण्णांना, पाहुणे गेल्यावर सांगितले. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतले. "बघायला येतील, ते खरं," ते म्हणाले, "पण आम्ही काम कवा करायचं? हंगाम तीन महिन्यांचा. त्यात मार्चात ढग आलं की आमचा जीव टांगणीला. जाळीवर माल असताना पाऊस झाला तर माल काळा पडतोय. त्या वक्ताला कोण पोरं घेऊन आलं आणि फोटो काढत बसलं, तर मी काय बोलंन ते मला सांगता येत न्हाई." शिवाय गंधकाच्या धुरीच्या वेळी लहान मुले आत नकोत, हेही त्यांनी बजावले. आणि एक गोष्ट त्यांच्या पत्नीने सांगितली, जी माझ्या डोक्यात आलीच नव्हती. शेडवर काम करणाऱ्या बायकांना कोणी प्राणिसंग्रहालयात बघावे तसे बघितलेले चालायचे नाही. "त्यास्नी इचारून या म्हणावं. आन् त्यांच्याबी हातात काय तरी पडू दे."

हा मुद्दा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. बेदाणा सौद्यात जातो, तासगाव-सांगलीच्या बाजारात त्याचा भाव ठरतो, आणि पिकवणारा त्या भावापुढे बहुधा हात जोडून उभा असतो. त्या दिवशी माझ्या मित्राने शेडवरूनच पाच किलो बेदाणा घेतला, किरकोळीच्या दराने, वजनात घासाघीस न करता. अण्णांना त्यात जे सुटले ते सौद्यात कधी सुटत नाही. दिवसाला अशी दहा घरे आली तरी सौदा बंद पडणार नाही, पण अडलेल्या माणसाच्या हातात थोडी रोकड येईल. आणि देठ काढणाऱ्या बाईने पाहुण्यांच्या मुलांना प्रतवारी शिकवली तर त्या तासाचे तिला वेगळे पैसे मिळाले पाहिजेत. शाळेच्या बाई फुकट शिकवतात का?

राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० पासून अस्तित्वात आहे. त्यात नोंदणी आहे, सवलती आहेत. अण्णांना त्याची गंधवार्ता नव्हती. मी त्यांना कागद आणून देतो म्हटले. त्यांनी मान डोलावली, मग शेडच्या मागच्या बाजूला बोट केले.

"कागद आणा, पण आधी हितं एक संडास बांधावा लागंल," ते म्हणाले. "पुण्याच्या वैनीसाब मघाशी दोनदा इचारून गेल्या, आन् मला काय सांगावं ते कळंना."