साठ टक्क्यांच्या आत

दुपारी एक वाजता मोबाइलवर आसनक्रमांक टाकायचा, खालच्या चौकटीत आईचे नाव टाकायचे आणि चाक फिरत राहते तेवढा वेळ श्वास रोखून बसायचे. आकडा नव्वदच्या पुढचा असला तर पेढे आणायला कुणीतरी चपला घालते. छपन्न असला तर आई हळूच विचारते, “पास आहे ना?” मग फोन उलटा ठेवला जातो आणि मामाचा, आत्याचा कॉल तसाच वाजत राहतो.

२०२५ साली १३ मे रोजी दहावीचा निकाल लागला आणि राज्यातली १४ लाख ५५ हजार ४३३ नियमित मुले उत्तीर्ण झाली. शंभर टक्के गुण मिळवणारे २११ जण होते, त्यांपैकी ११३ एकट्या लातूर विभागाचे. त्यांचे कौतुक झाले, ते व्हायलाच हवे होते. पण त्याच निकालपत्रकात आणखी दोन आकडे होते. द्वितीय श्रेणीत ३ लाख ६० हजार ६३० आणि नुसत्या उत्तीर्ण श्रेणीत १ लाख ८ हजार ७८१. बेरीज होते ४ लाख ६९ हजार ४११. म्हणजे उत्तीर्ण झालेल्या दर तीन मुलांमागे जवळपास एक मूल साठ टक्क्यांच्या आतले. एवढ्या घरांत पेढे आले नाहीत, किंवा आले ते दार लोटून वाटले गेले. या अंकाचे पहिले पान या घरांसाठी आहे.

या घरांतला पहिला प्रश्न असतो, “आता प्रवेश कुठे मिळणार?” प्रश्नात भीती असते आणि ती बऱ्याच अंशी चुकीच्या माहितीवर उभी असते. अकरावीचा ऑनलाइन केंद्रीय प्रवेश आधी मुंबई महानगर, पुणे-पिंपरी चिंचवड, नाशिक, नागपूर, अमरावती एवढ्यांपुरता होता. २०२५ साली तो पहिल्यांदाच सबंध राज्याला लागू झाला आणि सगळा हिशेब एका जागी आला. उत्तीर्ण साडेचौदा लाख, अकरावीच्या जागा वीस लाखांच्या वर. शिवाय आयटीआय आणि तंत्रनिकेतने वेगळीच. जागेची टंचाई या राज्यात नाही. टंचाई आहे ती मोजक्या नामांकित महाविद्यालयांतल्या जागांची, आणि तिथला कटऑफ वाचून पन्नास-पंचावन्नवाल्या घराने हातपाय गाळायचे काहीच कारण नाही.

मात्र या मोजक्या जागांनीच आपली सगळी चर्चा व्यापली. अकरावी प्रवेशासाठी २००८ साली वेगवेगळ्या मंडळांचे गुण एका पातळीवर आणणारे पर्सेंटाइलचे सूत्र आले. २००९ साली राज्य मंडळाच्या मुलांसाठी नव्वद टक्के जागा राखणारा ९०:१० कोटा आला. दोन्ही मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केले. २०१० साली सर्वोत्तम पाच विषयांचे गुण धरणारे ‘बेस्ट फाइव्ह’ आले, तेही उच्च न्यायालयात अडकले आणि सर्वोच्च न्यायालयात सुटले. तीन वर्षांत तीन सूत्रे, अग्रलेख, मोर्चे, वकिलांच्या फौजा. वाद खरा होता, पण तो वरच्या रांगेतला होता. एसएससीचे ब्याण्णव मोठे की आयसीएसईचे, एवढाच. पंचावन्न टक्क्यांच्या मुलाचे पुढे काय, हे त्या तीन वर्षांत कुणी कोर्टात नेले नाही आणि विधानसभेतही लावून धरले नाही.

या पंचावन्न टक्क्यांच्या मुलाचा खरा घात होतो तो अर्ज भरताना. मे महिन्यात तालुक्याच्या एसटी स्टँडसमोरच्या एखाद्या सायबर कॅफेत जाऊन बघावे. पंखा गरम हवा फिरवतो आहे, एका खुर्चीवर मुलगी, मागे वडील उभे, हातात गुणपत्रिकेच्या झेरॉक्सची पिशवी. भाग एक भरून होतो, त्यात नाव, गाव, प्रवर्ग. भाग दोन म्हणजे पसंतीक्रम. जास्तीत जास्त दहा महाविद्यालये. कॅफेवाला विचारतो, “सायन्स टाकू ना?” वडील मुलीकडे बघतात, मुलगी पडद्याकडे बघते, आणि सायन्स पडते. दहापैकी आठ नावे अशी, जिथे गेल्या वर्षीचा कटऑफ पंच्याऐंशी होता. उरलेली दोन गावापासून पन्नास किलोमीटरवर. मागे रांग आहे, चार-सहा मिनिटांत सबमिट. पुढची दोन वर्षे त्या मिनिटांत ठरलेली असतात.

नियम त्या वडिलांना कुणी सांगितलेला नसतो. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले की तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणून पहिले नाव मनापासून हवे तेच असावे. आणि गेल्या वर्षीचे कटऑफ बघून शेवटची तीन-चार नावे हमखास मिळतील अशी असावीत. एवढी अक्कल शिकवणीच्या जाहिरातीत मिळत नाही. एक-दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीवर अकरावीला बसता येते, आणि जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते, हेही कित्येक घरांत ऑगस्टमध्ये कळते. तोवर मूल कुणाच्या तरी दुकानात उभे राहिलेले असते.

अकरावी ही एकच वाटही नाही. तंत्रनिकेतनाच्या पदविकेला दहावीत किमान ३५ टक्के लागतात. शहरातल्या शासकीय तंत्रनिकेतनात संगणक शाखा पन्नास टक्क्यांवर मिळणार नाही, हे खरे आणि ते मुलाला स्पष्ट सांगावे. स्थापत्य किंवा यंत्र शाखा, जिल्ह्याच्या ठिकाणी, केंद्रीय प्रवेशाच्या (कॅप) फेरीत बघायची. तीन वर्षांत पदविका हाती येते, आणि खुल्या प्रवर्गात ४५, राखीव प्रवर्गात ४० टक्के असले की अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाला पात्र होता येते. तिथे दहावीचे छपन्न कुणी विचारत नाही. दोन वर्षांचा आयटीआय केलेल्या मुलालाही पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाचा मार्ग खुला असतो. फिटर, इलेक्ट्रिशियन हे ट्रेड दोन वर्षांचेच आहेत. म्हणजे इलेक्ट्रिशियनपासून इंजिनिअरपर्यंत पायऱ्या आहेत, फक्त त्या सांगणारा माणूस जवळ नाही. मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. अट अशी, की प्रवेश केंद्रीय फेरीतून हवा. ज्या बापाला हे ठाऊक नसते तो फेरी सोडून थेट संस्थेत जातो, मॅनेजमेंट कोट्याचे पैसे भरतो आणि माफीही गमावतो.

कमी गुण आणि पुढचे शिक्षण यांचा विषय निघाला की महाराष्ट्राला एक गुणपत्रिका आठवायला हवी. १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कूलचा भीमराव आंबेडकर हा विद्यार्थी मॅट्रिक झाला, तो ७५० पैकी २८२ गुण मिळवून. टक्केवारी काढली तर साडेसदतीस. तेव्हाची मॅट्रिक आणि आजची दहावी यांची तुलना करता येत नाही, हे मान्य. तरी त्या आकड्याच्या भोवती काय घडले ते बघण्यासारखे आहे. समाजसुधारक सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्काराची सभा झाली. विल्सन हायस्कूलचे शिक्षक कृष्णराव अर्जुन केळुसकर हे या मुलाला चर्नी रोडच्या बागेत वाचत बसलेला पाहून आधीच ओळखत होते. त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. पुढे पैशांअभावी शिक्षण थांबायची वेळ आली, तेव्हा सयाजीराव गायकवाडांच्या दाराशी त्याला नेणारे केळुसकरच. महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली, बी.ए. झाले आणि १९१३ साली कोलंबिया विद्यापीठ. केळुसकरांनी गुण वाढवून दिले नाहीत. दार कुठे आहे ते त्यांना ठाऊक होते आणि ते मुलाबरोबर चालत गेले.

त्या मुलाने हे लक्षात ठेवले. १९४६ साली त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी वर्ग सकाळी भरवले. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ योजना उभी केली तीही याच दृष्टीने. अशी महाविद्यालये ज्यांना दुसरीकडे कुणी घेत नव्हते त्यांच्यासाठी निघाली होती. आज त्याच परंपरेतल्या ग्रामीण महाविद्यालयांत शिक्षकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या आहेत आणि साठ टक्क्यांच्या आतली मुले नेमकी तिथेच जातात. ज्याला चांगल्या शिक्षकाची सर्वांत जास्त गरज, त्याच्या वर्गात तासिका तत्त्वावरचा माणूस. हा अन्याय आहे, आणि सरकारने तो भरतीनेच दूर करायला हवा.

भरती सरकारच्या हाती आहे. अर्ज भरणे मात्र आपल्या हाती आहे. हा अंक वाचणाऱ्यांत शिक्षक आहेत, बँकेतले आहेत, निवृत्त अभियंते आहेत, वर्कशॉप चालवणारे आहेत. पुढच्या मे महिन्यात निकाल लागला की दोन संध्याकाळी राखून ठेवाव्यात. गल्लीतल्या, कामवाल्या मावशींच्या, वॉचमनच्या घरातल्या एखाद्या मुलामुलीसोबत सायबर कॅफेत जाऊन भाग दोन भरून होईपर्यंत शेजारच्या खुर्चीवर बसावे, ही वाचकांना विनंती.