वाफा भरेपर्यंत एक चित्र



काल पारावर एकानं माझी वही हातातनं ओढून घेतली, चार पानं चाळली आणि म्हणाला, "सोयाबीनचा हमीभाव किती, बाजारात किती मिळतो ते तुला माहीत. अन् तू इथं किडे काढत बसलास!" सगळे हसले, मीपण हसलो. पण रात्री मोटारीवर बसल्या बसल्या वाटलं, ह्याला नीट उत्तर द्यायला पाहिजे. म्हणून हे लिहितोय.

वही म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. पोरीची निम्मी कोरी राहिलेली शाळेची वही आणि पेन्सिलीचा तुकडा. दोन्ही प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून मोटारीच्या पेटीवर ठेवलेलं असतं. एक वाफा भरायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात एक चित्र काढायचं. पान, किडा, शेंग, तण, समोर असेल ते. खाली तारीख, नक्षत्र आणि एक ओळ. बस्स.

ह्याची सुरुवात माझ्या एका चुकीतनं झाली. ती लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

दोन वर्षांपूर्वी पौषात आमच्या दीड एकर करडईवर मावा आला. काळा मावा, शेंडे चिकट झालेले. त्यातच आणखी काहीतरी फिरताना दिसलं. काळपट, लांबट, अंगावर नारिंगी ठिपके, एखाद्या मगरीचं पिल्लू नखाएवढं करून ठेवावं तसं. मला वाटलं, मावा कमी होता म्हणून आता अळीपण पडली. हलत्या हातानं फोटो काढला, निम्मा धूसर. औषधाच्या दुकानात दाखवला. तिथल्यानं बोटानं फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाला, अळीच आहे, जरा कडक औषध घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळीच फवारलं. तीन दिवसांत शेत साफ. मला लई बरं वाटलं.

पंधरा-वीस दिवसांनी मावा परत आला, पहिल्यापेक्षा जास्त. माव्याची मादी नराशिवायच थेट पिल्लं देते, थोडे मागं राहिले तरी शेंडा भरायला वेळ लागत नाही. ती मगरीची पिल्लं मात्र कुठंच दिसेनात. दुसरी फवारणी केली, पण तोवर झाडं आखडली होती. दीड एकरात साडेतीन क्विंटल झाली. घरच्या तेलापुरती म्हणा.

त्याच महिन्यात पोरीला शाळेतून कीटकाचं जीवनचक्र काढून आणायला सांगितलं होतं. ती रोज संध्याकाळी बांधावरच्या रुईपाशी बसायची. रुईच्या शेंड्यावर पिवळा मावा असतोच. एका संध्याकाळी वहीत डोकावलो तर तीच माझी मगर! म्हणलं, ही अळी आहे, हिनं आपली करडई खाल्ली. तर म्हणाली, "बाबा, हिला सहाच पाय आहेत, सगळे पुढच्या अंगाला. अळीला मागंपण मऊ पाय असतात." मी चाळीस वर्षं रानात आहे आणि अळीचे पाय कधी मोजले नव्हते. पुढच्या पानांवर ती मगर पानाला चिकटून गप्प बसलेली, आणि त्याच्या पुढच्या पानावर तिथनंच नारिंगी पाठीचा ढालकिडा निघालेला. म्हणजे मी पैसे देऊन, पाठीवर पंप घेऊन मारलं ते माव्याला खाणारं ढालकिड्याचं पोर होतं.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की फोटो काढा, जरूर काढा, पण त्याआधी तो किडा एकदा वहीत काढा. फोटो दुसऱ्यानं बघायचा असतो, आपण नुसतं बटण दाबतो. चित्र काढायला बसलं की पाय किती, मिशा केवढ्या, पानाच्या वर आहे का खाली, हे बघितल्याशिवाय पेन्सिल पुढं सरकतच नाही. सोयाबीनचं असंच झालं. मधलंच एखादं पान सुकलेलं दिसायचं आणि मी त्याला मर म्हणून सोडून द्यायचो. गेल्या श्रावणात ते पान देठासकट काढायला घेतलं तेव्हा देठावर दोन बारीक चकत्या दिसल्या, सुरीनं गोल ओरखडा काढल्यासारख्या. चक्रीभुंगा. त्या दोन चकत्यांच्या मधेच त्याची मादी अंडं घालते. मग तसली पानं खालच्या चकतीच्याही खालून तोडून नष्ट करत गेलो.

आमच्या आबांना वही लागत नव्हती, हे खरं आहे. पण आबा दिवसभर रानातच असायचे आणि त्यांच्या खिशात मोबाईल नव्हता. माझी नजर दर पाच मिनिटांनी खिशाकडं जाते. ती पुन्हा पानावर आणायला मला पेन्सिल लागते, ह्यात लाज कसली?

चित्र चांगलं येत नाही म्हणून कुणी थांबू नका. माझा पहिला बैल बघून बायको म्हणाली, बाज छान काढलीय. रोज म्हणजे अगदी रोज झालंच पाहिजे, असंपण नाही. पेरणीत, काढणीत आठ-आठ दिवस पानं कोरी राहतात. कोऱ्या पानावर मी फक्त तारीख टाकतो आणि पुढं जातो. दंड म्हणून दुसऱ्या दिवशी दोन चित्रं, असलं काही करू नका. तसं केलं की वही माळ्यावर जाते.

कावळ्यानं घरटं कुठल्या फांदीवर बांधलं त्यावरून पाऊस सांगणारे आपल्याकडं लई आहेत. मी दोन वर्षं घरटं काढून ठेवलंय, दिशेसकट. खरं-खोटं करायला अजून चार-पाच वर्षांची पानं लागतील. तोवर मी गप्प.

आता पारावरच्या भाऊला उत्तर. चित्र काढून भाव मिळत नाही, बरोबर आहे. भाव आपल्या हातात नाही, त्यासाठी भांडायचं ते भांडूच. पण त्या वर्षीची पहिली फवारणी माझ्या हातात होती. तिचं औषध, मजुरी आणि त्यापायी करावी लागलेली दुसरी फवारणी, हा सगळा खर्च एका न मोजलेल्या पायापायी झाला. मित्रकिडे आहेत म्हणून कधीच फवारू नका, असंही मी म्हणत नाही. मावा फारच वाढला तर ते पुरे पडत नाहीत, तेव्हा फवारावंच लागतं. फक्त आधी बघून.

आजचं पान: करडईचा शेंडा, बांधाकडच्या तासातला. मावा आहे, बोटभर. ढालकिड्याची पोरं दोन, पानाखाली पिवळ्या अंड्यांचा एक पुंजका. पंप अजून खुंटीलाच आहे. परवा वाफा भरताना ह्याच शेंड्यापाशी परत बसणार आहे.