'काहीच दिसलं नाही'

पदव्युत्तर वर्गाची सहल घेऊन आम्ही ताडोब्यास गेलो होतो. परतताना वर्गाचा एकमुखी अभिप्राय पडला : "सर, काहीच दिसलं नाही." रानगवे दिसले होते, तळ्याकाठी मगर दिसली होती, सर्पगरुड अगदी जवळून दिसला होता. वाघ तेवढा दिसला नव्हता. हा 'काहीच' मुलांनी स्वतः घडविलेला नाही. तो त्यांस वनखात्याच्या व्यवहाराने शिकविला, असा आमचा स्पष्ट आरोप आहे.

शेजारी कान्हा, पेंच. नागपूरच्या अगदी जवळ उमरेड-पवनी-कऱ्हांडला. जिथे वाघ हमखास, तिथे पर्यटक, हे खाते जाणून आहे. या स्पर्धेस त्याने दिलेले उत्तर मात्र दुकानदाराचे आहे : दारे वाढवा. 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने गाभा क्षेत्रातील पर्यटन काही महिने थांबविले. पुढे मार्गदर्शक तत्त्वांनी त्यावर गाभ्याच्या 20 टक्क्यांची मर्यादा घातली. मर्यादा योग्यच होती. पण भूक शमली नाही, ती 'बफर'कडे वळली. सुमारे 1100 चौरस किलोमीटरचा हा पट्टा माणूस आणि रान यांनी एकमेकांस सांभाळून राहावे म्हणून आखलेला. आज पावसाळ्यात गाभा मिटतो तेव्हाही तिथल्या फाटकांतून जिप्सी आत जातच असतात, आणि शनिवार-रविवारी प्रवेशाचा दर चढतो. नाटकाच्या तिकिटांसारखा.

यावर ठरलेले उत्तर येते : मार्गदर्शक आणि चालक गावातलेच आहेत, त्यांची चूल पेटते. हे खरे आहे, आणि शहरात बसून त्यास नाक मुरडणे आम्हांस शोभणार नाही. परंतु ज्या मार्गदर्शकाची बक्षिसी वाघावर ठरते, तो ऐनाचे झाड कशाला दाखवील? 31 डिसेंबर 2024 रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडल्यात जिप्सींनी एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट अडविली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. चालक व मार्गदर्शक निलंबित झाले. ज्या हिशेबाने त्यांना त्या वाटेवर उभे केले, तो हिशेब कोणी निलंबित केला नाही.

याच खात्यात मारुती चितमपल्ली यांनी नोकरी केली. पक्ष्यांची, झाडांची नावे आदिवासींच्या तोंडून ऐकून टिपणारा अधिकारी या खात्यातूनच मराठीस लाभला, 2006 साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्षही झाला. त्यांची पुस्तके आम्ही नेमतो. 2025 साली ते गेले तेव्हा श्रद्धांजल्या उदंड वाहिल्या गेल्या. त्यांच्या शब्दांना मात्र फाटकावर जागा नाही. तिथे चलती एकाच शब्दाची : 'साइटिंग'.

हा शब्द कोणाचा, हेही पाहावे. पर्यटकांच्या वाघिणीस नाव असते, माया किंवा छोटी तारा. 10 मे 2025 रोजी चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मेल्या. त्यांनाही वाघ दिसलाच होता. त्या दिसण्यास 'साइटिंग' म्हणण्याची कोणाची छाती आहे?

आमची मागणी साधी आहे. 'बफर'ची फाटकेही पावसाळ्यात मिटावीत. आणि मार्गदर्शकाचे मानधन असे असावे की वाघ न दिसलेल्या दिवशीही त्यास खाली मान घालून घरी जावे लागू नये.